ओळखीवरची सही

संपादकबाईंनी फोनवर विषय सांगितला तो असा: "तुमच्या तीन नोकऱ्यांवर लिहा." तीन म्हणजे वकिली, आमदारकी आणि केंद्राची सरकारी वकिली. आमदारकीला नोकरी म्हटलेलं माझ्या जुन्या पक्षाला रुचणार नाही. पण मतदारांनी एका मुदतीनंतर मला ज्या सफाईने कामावरून काढलं ते पाहता ती नोकरीच होती. कुठे शिकले, कधी आले, कोणत्या साली काय झालं हे सगळं मी गाळणार आहे. वसईहून सिडनीला शिकायला आले आणि राहिले, एवढं पुरे.

आधी शेवटच्या नोकरीबद्दल, कारण तिच्याविषयी लोकांच्या डोक्यात सिनेमातलं चित्र असतं. काळा झगा घालून साक्षीदारावर बोट रोखणारी बाई. मी बोट क्वचितच रोखलं. माझं बहुतेक आयुष्य वाचण्यात गेलं. पोलीस किंवा एखादं सरकारी खातं तपास करून फाइल पाठवतं, आम्ही ती वाचायची आणि दोन प्रश्न विचारायचे. एवढ्या पुराव्यावर गुन्हा शाबीत होईल का? आणि होत असला, तरी हा खटला चालवण्यात लोकांचं हित आहे का? पहिल्याचं उत्तर पुस्तकांत सापडतं. दुसऱ्यासाठी खिडकीतून बाहेर बघत बसावं लागतं. चोऱ्यामाऱ्या राज्य सरकार बघतं. आमच्याकडे यायचं ते विमानतळ, पासपोर्ट, टपाल आणि केंद्र सरकारला दिलेली खोटी माहिती. म्हणजे थोडक्यात, लोक फॉर्मवर काय लिहितात ते.

फॉर्मवर आपली माणसं काय लिहितात याचा एक नमुना देते. आमच्या नात्यातले एक गृहस्थ वसईहून लेकीकडे आले. विमानातल्या कार्डावर 'खाद्यपदार्थ आणले आहेत का' याला त्यांनी 'नाही' अशी खूण केली आणि बॅगेत सुके बोंबील, जवळा, वर घरी कुटून बाटलीत भरलेला बाटली-मसाला. विमानतळावरचा कुत्रा त्यांच्या बॅगेशी येऊन शांतपणे बसला. त्यांनी मला तिथूनच फोन लावला. मी म्हटलं, दंड होईल तो भरा आणि चुकलो म्हणा, मी यात पडू शकत नाही. ते म्हणाले, "मग तू सरकारात आहेस कशाला?"

हा प्रश्न मला नवा नव्हता. आमदार असताना दर शनिवारी कोणी ना कोणी तो विचारायचंच. आमदाराकडे लोक काय काय घेऊन येतात ते बाहेरच्याला सांगून पटत नाही. शेजाऱ्याच्या निलगिरीची फांदी, मुलाच्या शाळेची हद्द, पहाटे तीनला कचरा उचलणारा ट्रक. आणि व्हिसा. व्हिसा केंद्राच्या हातात असतो, राज्याच्या आमदाराच्या नाही, हे मी सगळी मुदत घसा कोरडा करून सांगितलं. लोक मान डोलवायचे आणि व्हिसाची फाइल पुढे सरकवायचे.

एक गोष्ट मात्र खरोखर आमदाराच्या हातात होती. इथे 'जस्टिस ऑफ द पीस' नावाचा एक मानाचा, बिनपगारी माणूस असतो. सगळे त्याला जेपी म्हणतात. बँकेचा कागद असो, नाहीतर सरकारला करायचं प्रतिज्ञापत्र, जेपीसमोर सही करायची आणि त्याने खाली शिक्का मारायचा. आमच्या राज्यात जेपी व्हायचं तर आमदाराने नाव सुचवावं लागतं. मी पाच-सहा नावं सुचवली. त्यातलं पहिलं फ्रान्सिसकाकांचं.

काका माझे नात्याने कोणी नव्हेत. ते आमच्याच गावाकडचे, वसईतल्या पलीकडच्या आळीचे. वेस्टमीडच्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत त्यांनी आयुष्यभर रक्ताच्या नळ्यांवरची नावं तपासली. नळीवर एक नाव आणि कागदावर दुसरं असलं तर ती नळी काका परत पाठवायचे, मग पलीकडून कितीही मोठा डॉक्टर ओरडो. निवृत्त झाल्यावर ते त्याच रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून जाऊ लागले. ज्याचं कोणी येत नाही अशा पेशंटच्या उशाशी जाऊन बसायचं, एवढंच काम. बोलले तर बोलायचं, नाहीतर नुसतं बसायचं. शेवटच्या घटकेला माणसाजवळ माणूस हवं, असं ते म्हणत. सिडनीच्या हॅरिस पार्क उपनगरात एका किराणा दुकानाच्या मागच्या बाजूला, तांदळाच्या पोत्यांशेजारी त्यांनी जेपीचं टेबल मांडलं. लोक डाळ-तांदूळ घ्यायला यायचे आणि शिक्का मारून घेऊन जायचे.

जेपीचं काम समजायला सोपं आहे, म्हणूनच चुकतं. कागदात लिहिलंय ते खरं की खोटं, हे त्याने बघायचं नसतं. त्याने तीनच गोष्टी बघायच्या: माणूस समोर आला, तो तोच आहे, आणि त्याने माझ्यादेखत सही केली. इथे जन्मलेल्याला यात काही अवघड वाटत नाही. आपलं तसं नाही. आपण अटेस्टेड कॉपीवर वाढलेली माणसं. कॉलेजात प्रवेश घेताना माझ्या गुणपत्रिकांवर एका पशुवैद्यकीय अधिकाऱ्याने सह्या केल्या होत्या. गॅझेटेड ऑफिसर म्हणून आमच्या ओळखीत तेवढेच एक होते. त्यांनी मूळ कागद पाहिलेच नाहीत. शिक्का स्वयंपाकघरातल्या फळीवर होता, त्यांच्या बायकोने तो काढून दिला. त्यांनी मला विचारलं ते एवढंच, की "बस्त्यावची पोर ना तू?" बस्त्याव माझे वडील. ओळख पटली, सही झाली. आपल्याकडे सही कागदावर होत नाही, ओळखीवर होते. यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही.

आता मी केलेलं सांगते. आमदारकीच्या दुसऱ्या हिवाळ्यात एका शनिवारी माझ्या ऑफिसात तुफान गर्दी होती. रांग फुटपाथवर गेलेली, काका कोपऱ्यात शिक्का घेऊन बसलेले. सात-आठ जणांनी सह्या करून कागद माझ्याकडे ठेवले होते. त्यांची शिफ्ट होती, थांबणं शक्य नव्हतं. मी तो गठ्ठा काकांपुढे ठेवला. त्यांनी तो उलटा केला आणि विचारलं, "बाय, माणसं कुठायत?" वसईत आम्ही लेकीबाळींना बाय म्हणतो. मी म्हटलं, "काका, मी ओळखते सगळ्यांना. आमदार सांगतेय, करा सह्या." मी हसत म्हटलं होतं. काका हसले नाहीत. एकेक कागद पुढे ओढून त्यांनी शिक्के मारले. पुढच्या शनिवारी गठ्ठा त्यांच्यापुढे आपोआप गेला. त्यानंतर त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

मग मी निवडणूक हरले, सरकारी वकिलीत गेले, आणि साथ आली.

इतरत्र राहणाऱ्यांना हे सांगावं लागेल की त्या दिवसांत ऑस्ट्रेलियात येणं कठीण होतंच, पण इथून बाहेर पडायलाही केंद्र सरकारची परवानगी लागायची. नागरिकालासुद्धा. आई मरणाच्या दारात असली तरी आधी फॉर्म, डॉक्टरचं पत्र आणि बऱ्याचदा जेपीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र. त्यात पश्चिम सिडनीत कडक लॉकडाऊन, घरापासून काही किलोमीटरपलीकडे जायचं नाही, रस्त्यावर पोलीस. लोक सह्या केलेले कागद किराणा दुकानाच्या टपालाच्या फटीतून टाकू लागले, नाहीतर ईमेलने पाठवू लागले. काका ज्याच्या-त्याच्या घरी फोन करायचे. आई कशी आहे, ऑक्सिजन किती, शेजारी कोण आहे, हे विचारायचे, त्याच्यासोबत फोनवरच प्रार्थना करायचे आणि खाली शिक्का मारायचे: 'माझ्यासमोर सही केली.' अशी अकरा प्रतिज्ञापत्रं झाली. कायद्यात मुभा होती, व्हिडिओवर सही बघता आली असती, पण त्याची वेगळी रीत होती आणि काकांना ती ठाऊक नव्हती. त्यांना माझी रीत ठाऊक होती.

अकरांतले दहा जण खरं बोलत होते. अकरावा तरुण शेजारच्या क्वीन्सलंड राज्यात, ब्रिस्बेनकडे स्प्रिंगफील्ड लेक्सला राहणारा, आई आयसीयूत आहे असं लिहून नाशिकला गेला आणि साखरपुडा करून घेतला. फोटोत आई ठणठणीत, पेढे वाटत होती. ज्याचा अर्ज नाकारला गेला होता अशा कोणीतरी तो फोटो खात्याला पाठवला. धडधाकट आईला आपलं माणूस मरणपंथाला लावणार नाही, अशी काकांची खात्री होती. माझीही असती. तरुण भारतात, हाताबाहेर. मग तपासणारे सहीच्या साक्षीदाराकडे, म्हणजे काकांकडे वळले. सहीच्या दिवशी क्वीन्सलंडची सीमा बंद होती. तो हॅरिस पार्कला काकांच्या समोर उभा असणं शक्यच नव्हतं. मग बाकीचे दहा कागदही तसेच निघाले.

ती फाइल माझ्या ईमेलमध्ये येऊन पडली. तेव्हा माझं ऑफिस म्हणजे आमचं जेवणाचं टेबल. शेजारच्या खुर्चीवर मुलगी युनिव्हर्सिटीचं लेक्चर ऐकत होती. पहिल्या पानावर काकांचं नाव वाचलं आणि मी फाइल बंद केली. आमच्यात नियम स्पष्ट आहे: आरोपी ओळखीचा निघाला तर पुढचं पान उघडायचं नाही. मी माझी वरिष्ठ मार्गारेट हिला लगेच फोन केला आणि सांगितलं की या माणसाचं नाव जेपीसाठी मीच सुचवलं होतं. ती म्हणाली, नो वरीज, फाइल मी घेते. मग तिने विचारलं, मला माहीत असावं असं आणखी काही?

मी म्हटलं, "नो, दॅट्स इट."

का म्हटलं, याची मी त्या वेळी बरीच कारणं जमवली होती. एका शनिवारच्या गठ्ठ्याचा या अकरांशी काय संबंध. काका शहाणेसुरते आहेत. माजी आमदाराने कायदा धाब्यावर बसवला, आणि ती आता लोकांवर खटले भरते, ही बातमी छापायला लोक टपलेले होते. खरं कारण एकच, मला भीती वाटली. इतकी वर्षं खोटी माहिती देणाऱ्यांच्या फाइली वाचून मी मनातल्या मनात त्यांना नावं ठेवत आले होते, आणि मी स्वतः खोटं बोलले तेव्हा मला जेमतेम एक श्वास लागला.

आठवडे गेले. काकांचा फोन आला नाही. मी करू शकत नव्हते, आणि करू शकत नाही याचं मला बरंच वाटत होतं. रविवारचा मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, यूट्यूबवर असायचा, बाजूला लोकांचे आमेन सरकत जायचे. त्यात काकांचं नाव दिसलं की मी नजर वळवायचे. आमच्या चर्चच्या एका बाईंनी फोनवर सांगितलं की काकांना कोर्टाची भीती नाही. त्यांना एकच घोर लागलाय. स्वयंसेवकांना रुग्णालय परत बोलावणार होतं, पण त्याआधी पोलिसांकडून स्वच्छ दाखला हवा होता. शिक्षेची नोंद झाली तर वॉर्डाचं दार कायमचं बंद. "लोक एकटे मरतायत बाय," त्या बाईंना ते म्हणाले होते, "आणि मी घरी बसून बागेला पाणी घालतोय."

माझ्या हातात काय होतं ते मला पुरतं कळत होतं. या माणसाला ही सवय कोणी लावली, हे कोर्टाला कळलं असतं तर पारडं हललं असतं. ते सांगायला एकच साक्षीदार होता, मी.

खटला व्हिडिओवर चालला. त्या दिवसांत कोर्ट म्हणजे पडद्यावरच्या चार चौकटी. कोणालाही लिंक मागता यायची. मीही मागितली आणि माझा कॅमेरा बंद ठेवून ऐकत बसले. काकांनी गुन्हा कबूल केला. टाय लावला होता, मागच्या भिंतीवर त्यांच्या लग्नाचा फोटो दिसत होता. मॅजिस्ट्रेट मवाळ वाटल्या. त्यांना कोडं पडलं होतं की आयुष्यभर प्रयोगशाळेत नावं जुळवणारा माणूस असं कसं करतो. त्यांनी थेट काकांनाच विचारलं, की हे असं चालतं असं तुम्हाला कोणी सांगितलं होतं का? कोणी शिकवलं होतं का?

काकांच्या वकील बाई मध्ये काही बोलणार, तेवढ्यात काका म्हणाले, "नो, युवर ऑनर. नोबडी टोल्ड मी. मी वॉज ओन्ली मी." घाबरले की त्यांच्या इंग्रजीचं असं व्हायचं.

मॅजिस्ट्रेटनी काहीतरी लिहून घेतलं. काकांचा स्वभाव, तब्येत वगैरे याबद्दल अहवाल मागवला आणि दोन आठवड्यांनंतरची तारीख दिली. चौकटी विझल्या. मुलीने कानातली इअरफोनची बोंडं कधी काढली मला कळलं नाही. तिला लहानपणापासून तो शनिवारचा गठ्ठा माहीत होता, कागद पसरायला तीच मदत करायची.

"वेट. दॅट वॉज युअर थिंग, मम्मी," ती म्हणाली. "सो ही जस्ट लाइड फॉर यू?"

उत्तर द्यायला शब्द नव्हते असं लिहायचा मोह होतो, पण शब्द होते. 'हो' हा एकच लागणार होता.

मार्गारेटला मी त्याच दुपारी फोन केला. सगळं सांगितलं, पहिल्या फोनवर मी खोटं बोलले तेही. ती कोरड्या आवाजात म्हणाली, हे मला आरोपीच्या वकिलाला द्यावं लागेल, आणि वरही. मी म्हटलं, माहीत आहे. आमच्या धंद्याचा जो नियम मला सगळ्यांत आवडतो तो हाच: आरोपीच्या उपयोगाचं काही हाती आलं तर ते आपण होऊन त्याच्या हवाली करायचं, मग आपली बाजू कितीही लंगडी होवो. मी तो नवशिक्यांना शिकवायचे. दोन पानांचं निवेदन लिहिलं. वकिली आयुष्यातलं माझं सर्वांत छोटं आणि सर्वांत सरळ लिखाण तेच असेल.

तारखेला ते वाचून दाखवलं गेलं. माझं नाव, तेव्हाचं पद, 'आमदार सांगतेय' या शब्दांसकट. मॅजिस्ट्रेट म्हणाल्या की जिने कायदे करायचे तिनेच या माणसाला ते वाकवायला लावले, याचं कोर्टाला वाईट वाटतं. खरं होतं. गुन्हा शाबीत, पण शिक्षेची नोंद करू नये, असा निकाल झाला. काकांचं जेपीपद गेलं. पोलिसांचा दाखला स्वच्छ मिळाला आणि वॉर्डातली त्यांची जागाही.

माझी चौकशी झाली, वकिलांच्या संस्थेने ठपका ठेवला, ऑफिसने मला खटल्यांवरून काढून प्रशिक्षणाच्या टेबलाशी बसवलं. तिथून वेळेआधी निवृत्त झाले. तक्रार नाही. पण एक सल मात्र आहे. ती मी मार्गारेटला 'नो' म्हणाले त्या क्षणाची, त्या शनिवारची कमी. गर्दीत घाईने झालेलं समजू शकते. ते फोनवरचं 'दॅट्स इट' मात्र मी शांतपणे, खुर्चीत बसून म्हटलं होतं.

निर्बंध उठल्यावर मी काकांकडे गेले. निकालानंतर आम्ही बोललो नव्हतो. वाटलं होतं ते आनंदात असतील. दार उघडलं तेव्हा चेहरा घुश्श्यातच होता. म्हणाले, बसायला वेळ नाही, वॉर्डात एक आजीबाई आहेत, फिजीच्या, त्यांचं कोणी येत नाही. मी म्हटलं, सोडते. रुग्णालयाच्या दारापाशी गाडी थांबवली आणि मी एकदाचं विचारलं, की काका, तुम्ही का तसं सांगितलंत?

त्यांनी दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला.

"तुझं नाव राहावं म्हणून," ते म्हणाले. "आयुष्यात एकदाच कोर्टात खोटं बोललो, बाय. तेपण तू टिकू दिलं नाहीस."

मग त्यांनी मास्क नाकावर चढवला, दारातल्या माणसाला आपला स्वयंसेवकाचा बिल्ला दाखवला आणि आत गेले.